दुसऱ्या बाळंतपणाची तयारी

पहिल्या वेळी मला कापलं ते मिरजेत. माझं माहेर तिथलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात आई मला कुंभकोणमहून घेऊन गेली होती. ऐन वेळी डॉक्टरांनी कात्री लावली, मुलगी बाहेर आली, मग टाके घातले. मला आधी कुणी विचारलं नाही, नंतर कुणी सांगितलं नाही. नर्सला विचारलं तर म्हणाली, "पहिलटकरणीला घालावेच लागतात टाके." टाके पिकले. मी महिनाभर एका अंगावर रेलून मुलीला पाजलं. संडासला जायच्या भीतीनं जेवण अर्ध्यावर आणलं. आईकडे रडले तर ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "हळू बोल. सगळ्यांनाच होतं ते."

पुढं वर्ष उलटलं तरी ती जागा माझी वाटेना. पाऊस-थंडीचं सोडा, साधं पाटावर बसलं तरी ओढ बसायची. नवऱ्यानं जवळ घेतलं की अंग आखडायचं. त्याला वाटायचं मी रागावलेय. मी रागावलेली होतेच, पण त्याच्यावर नाही, आणि हे त्याला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं.

तीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. आता बाळंतपण सासरी होणार होतं. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आमचं घर कुंभकोणमच्या एका लांबट गल्लीत होतं. पुढं ओटा, मग एकामागं एक खोल्या, शेवटी विहीर आणि न्हाणी. पुढच्या दारात उभं राहिलं की थेट मागची केळ दिसायची. सासरची माणसं कित्येक पिढ्यांपासून तिथं राहिलेली, कापडाचं दुकान चालवणारी, घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर तमिळ बोलणारी. त्यांची मराठी ऐकून मला लग्नानंतर पहिले काही महिने हसू यायचं. सासूबाई "कोठें गेलीस गे?" म्हणायच्या, तेव्हा एखाद्या जुन्या पोथीतली बाई बोलतेय असं वाटायचं. माझ्या तमिळवर मात्र अख्खी गल्ली हसायची. भाजी घेण्यापुरतं मला येत होतं. इंग्रजी वाचता यायचं, बोलायला तोंड उघडायचं नाही.

सातव्या महिन्यात माझी मावसबहीण नवऱ्याबरोबर देवदर्शनाला आली. ती इंग्लंडमध्ये नर्स होती, बाळंतपणाच्याच वॉर्डात. स्वामीमलैला जाऊन आल्यावर दुपारी आम्ही दोघी मागच्या पडवीत शेवग्याचा पाला निवडत बसलो होतो. मी तिला टाक्यांचं सगळं सांगितलं. आई सोडून मी पहिल्यांदाच कुणाला ते सांगत होते. तिनं तोंड फिरवलं नाही. म्हणाली, "या वेळी आधीपासून तयारी कर. तेल लावून ती जागा रोज थोडी ताणायची. मग ती सैल पडायला शिकते. फाटायचं, कापायचं प्रमाण कमी होतं."

"कुठली जागा?"

ती एक इंग्रजी शब्द बोलली. मग मराठी शब्द शोधू लागली आणि तिलाही सापडेना. शेवटी तिनं माझा हात धरला, माझाच अंगठा माझ्या ओठाच्या कोपऱ्यात घालायला लावला आणि म्हणाली, "आता ओढ. चुरचुरतं का? तिथवर न्यायचं आणि थांबायचं. श्वास सोडायचा. बाळ बाहेर येतं त्या जागी तसंच. अंगठा आत बोटाच्या पेराइतका घालायचा, खाली मागच्या बाजूला दाबायचं आणि मग दोन्हीकडं, अर्धचंद्रासारखं. वरच्या बाजूला जायचं नाही. नखं कापलेली, हात साबणानं धुतलेले. चौतीस आठवडे झाले की सुरू कर. दुखलं, रक्त आलं, पाणी गेलं तर बंद, आणि सरळ डॉक्टरीणबाईंकडं."

"आणि त्यानं टाके पडतच नाहीत?"

"तशी हमी कोण देणार? पडले तरी कमी पडतात, नंतर दुखतं कमी. आणि एक सांगते, डॉक्टरीणबाईंना आधी विचारून घे. कात्री उगाच लावू नका असंही त्यांना सांगून ठेव."

हे शेवटचंच सगळ्यात अवघड निघालं.

डॉक्टरीणबाई तमिळ. त्यांच्यासमोर मला तमिळ सुचेना, म्हणून नवरा बरोबर आला. तपासणी झाल्यावर टेबलापलीकडं त्या, अलीकडं आम्ही दोघं. मी मराठीत त्याला सांगितलं, "विचारा की खाली तेलानं मालिश केली तर चालेल का, म्हणजे टाके पडणार नाहीत." त्याचे कान लाल झाले. त्यानं घसा साफ केला आणि काहीतरी चार शब्द बोलला. डॉक्टरीणबाई हसल्या, माझ्या पायांकडं बघत मान हलवली आणि भराभर बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"कर म्हणाल्या. पायाला सूज आहे, रोज तेल लाव म्हणाल्या."

"पायाला? मी पायाचं विचारलं?"

"मी खाली म्हणालो," नवरा पुटपुटला. "खाली म्हणजे पायच ना."

मी पुन्हा विचारायला सांगितलं. तो उठून उभा राहिला होता. बाहेर बायकांची रांग होती, नर्सनं पुढच्या बाईला आत घेतलंही होतं. रिक्षात बसले तेव्हा मी धुमसत होते. त्यानं मधे एकदा विचारलं, "कॉफी घ्यायची का?" मी रस्त्याकडं बघत राहिले.

औषधाच्या दुकानात लहान मुलांच्या मालिशसाठी ऑलिव्ह तेलाचे छोटे डबे मिळायचे. त्यातला एक मी बाळासाठी म्हणून आणवला. आता प्रश्न जागेचा. घरात सासूबाई, दोन धाकटे दीर, नवरा, माझी मुलगी आणि मी. एकाही खोलीला आतून कडी नव्हती. दार लागायचं ते फक्त न्हाणीचं, तेही पत्र्याचं, खालून वीतभर उघडं. सकाळी तिथं रांग. दुपारी धुणं. दीर कॉलेजमधून आले की पाय धुवायला तिकडंच.

मी दुपारची वेळ पकडली. तेलाचा डबा टॉवेलात गुंडाळून नेला. बादली पालथी घालून तिच्यावर एक पाय ठेवला, भिंतीला पाठ टेकली. आणि लक्षात आलं की पोटापलीकडं माझा हात पोचतच नाही. पुढून नेला तर मनगट अडकतं, मागून नेला तर अंगठा उलटा पडतो. बहिणीनं सगळं सांगितलं होतं, पोट मधे येतं हे सांगितलं नव्हतं. खाली बसून बघितलं तर उठता येईना. शेवटी पाटावर अर्धवट टेकून, एका बाजूला कलून, कसाबसा अंगठा पोचला. जुन्या टाक्यांची जागा लागली. गाठीसारखी, टणक. तीन वर्षांत मी तिथं पहिल्यांदाच मुद्दाम हात लावत होते. रडू फुटलं. तेवढ्यात पत्रा वाजला.

"काय करतीस गे इतका वेळ?"

"आले, आले."

असं रोज. कधी पत्रा वाजायचा, कधी मुलगी दाराखालून डोकं घालून "अम्मा, पाय दिसतात तुझे" असं ओरडायची, कधी बाहेर दीर खाकरत उभा. बहीण म्हणाली होती, अंग सैल सोड, श्वास सोड. मी श्वास रोखून, दात आवळून, कान दाराकडं लावून हे करत होते. सैल कुठून पडणार! चार दिवसांनी मनगट सुजलं आणि मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही करा."

त्यासाठी एक रविवार मिळाला. सासूबाई मुलीला घेऊन इन्नंबूरला भावाकडं गेल्या होत्या आणि दीर सिनेमाला. घर रिकामं असण्याचा असा योग महिन्यातून एकदा यायचा. नवऱ्यानं दोनदा हात धुतले, तेल घेतलं, आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

"इकडं बघितल्याशिवाय कसं जमणार?"

"सांग तू. डावीकडं का उजवीकडं?"

त्यानं न बघताच अंगठा दाबला. मला जरा चुरचुरलं, मी "स्स" केलं, आणि तो ताडकन उठला. "हे मला नाही जमणार. बाळाला काही झालं तर? हे बायकांचं काम आहे."

"बायकांचं कसलं? कुठल्या बाईला सांगू मी? तुमच्या आईला?"

"मग नको करू. माझ्या आईला पाच मुलं झाली, तिनं काय केलं होतं?"

तो शर्ट घालून दुकानाकडं निघून गेला, रविवार असून. मी तशीच पडून राहिले. राग त्याचा जेवढा आला तेवढाच त्या बहिणीचाही आला, दोन दिवस येऊन एवढं मोठं काम माझ्या गळ्यात टाकून गेली म्हणून.

मग जे व्हायचं तेच झालं. एके दिवशी फरशीवर सांडलेलं तेल मी नीट पुसलं नाही की काय कोण जाणे, सासूबाई न्हाणीत गेल्या आणि घसरल्या. दाराची चौकट हाताला लागली म्हणून पडता पडता वाचल्या. मी धावत गेले तर त्या पायाला लागलेलं तेल बोटानं चोळून बघत होत्या. कोनाड्यात साबणामागं डबा होता, तो त्यांनी काढला.

"हें काय? न्हाणींत बाळाचें तेल?"

मी सांगितलं. न सांगून उपाय नव्हता. तोंडाला येईल त्या मराठीत, हातवारे करत, अर्ध्या वाक्यात अडखळत, पण सगळं सांगितलं. मिरजेची कात्रीही. त्यांचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

त्या ओरडल्या नाहीत. डबा घेऊन आत गेल्या, कपाटात ठेवला, किल्ली कमरेला खोचली. "पोटांत मूल असतां तेथें हात घालायाचा नाही. ऐकलेंस?"

मी मागं मागं गेले. "अहो, पण बहीण नर्स आहे. तिकडं सगळ्या करतात."

"तिकडलें तिकडे."

दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. मी भांडी आपटत होते, त्या ऐकत नसल्यासारखं करत होत्या. तिसऱ्या दिवशी माझा बांध फुटला. तांदूळ निवडता निवडता मी ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, "मला कारण तरी सांगा. नुसतं नाही म्हणता!"

त्यांनी निवडणं थांबवलं नाही. खाली बघतच बोलल्या. त्यांचं पहिलं बाळंतपण इन्नंबूरला घरी झालं होतं. दोन दिवस मूल अडलं. सुईणीनं आत हात घातला. ती नुकतीच गोठ्यातून उठून आलेली, हात पदराला पुसलेले. मूल गेलं. त्यांना ताप चढला, तो कित्येक दिवस उतरेना. "मी वांचलें तें कसें, देवासच ठाऊक," त्या म्हणाल्या. पाच मुलं झाली असं नवरा सांगायचा. सहा झाली होती हे त्याला माहीत नव्हतं, की माहीत असून मोजत नव्हता, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

माझा राग कुठं ठेवायचा ते मला कळेना. त्या चुकत होत्या असं म्हणवेना, आणि मला कापून घ्यायचं नव्हतं हेही तसंच होतं. मी ताट पुन्हा पुढं ओढलं आणि म्हटलं, "मी हात साबणानं धुते. गरम पाण्यानं. बहिणीनं पहिल्यांदा तेच सांगितलं होतं."

त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि बोटं उजेडात धरली. "हीं नखें घेऊन?"

आत जाऊन दिरांच्या दाढीचं नवं पातं घेऊन आल्या आणि माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं मांसाला भिडेपर्यंत कापली. मग डबा आणून दिला. "न्हाणींत नको, पडशील. कोठीच्या खोलींत नीज. पाठीशीं उशी घे."

दुसऱ्या दिवसापासून मी धान्याच्या कोठीत चटईवर, उशांना टेकून, गुडघे वर घेऊन बसायला लागले. अशी बसल्यावर हात जरा बरा पोचायचा. दाराला कडी नव्हतीच. सासूबाई दाराबाहेर पाट टाकून काहीबाही चिरत बसायच्या आणि येईल त्याला परत धाडायच्या. धाकटा दीर तांदूळ काढायला आला तर त्याला भर दुपारी बाजारात पाठवलं. त्यांना हे मान्य होतं असं नाही. रोज मी बाहेर आले की त्या माझ्याकडं न बघता विचारायच्या, "रक्त नाही ना?" आणि मी नाही म्हटलं की उसासा टाकून देवाचं नाव घ्यायच्या. हे रोजचं ऐकून माझं डोकं उठायचं. पण चुरचुरणं कमी होत गेलं. गाठ मऊ पडली, की मला तसं वाटलं. कोण सांगणार!

कळा सकाळी सुरू झाल्या आणि दुपारी आम्ही नर्सिंग होममध्ये पोचलो. नवरा बाहेरच्या बाकावर, सासूबाई खोलीच्या दाराशी. डॉक्टरीणबाई जेवून आल्या होत्या, घाईत नव्हत्या, वाईटही नव्हत्या. माझ्या कपाळावरचे केसही त्यांनी मागं सारले. मी ठरवून पाठ केलं होतं ते तमिळ वाक्य. "वेट्ट वेण्डाम." कापू नका. आठवडाभर मी ते पोळ्या लाटताना घोकत होते.

शेवटच्या कळांत ते वाक्य पार पुसलं गेलं. मला मराठीशिवाय काही येईना. ट्रेमध्ये कात्रीचा आवाज झाला तो मी ओळखला. मी ओरडले, "कापू नका! अहो, कापू नका मला!" नर्स माझा गुडघा थोपटत "सरि सरि, अम्मा", बरं बरं, बाई, म्हणत राहिली. तिला वाटलं मी कळेनं ओरडतेय. मी पुन्हा ओरडले. डॉक्टरीणबाई खाली वाकल्या. आयुष्यात एवढं एकटं मला कधी वाटलं नाही. खोलीत दोन बायका आणि दोघींनाही माझं बोलणं कळत नव्हतं.

दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या. चपला बाहेर काढून, पदर खोचून, सरळ टेबलाजवळ. तमिळमध्ये त्या मोठ्यानं बोलल्या, "वेट्ट वेण्डाम, अम्मा. ती नको म्हणतेय. ऐका तिचं. ती कापू नका म्हणतेय."

डॉक्टरीणबाई भडकल्या. यांना बाहेर काढा, म्हणाल्या. नर्सनं सासूबाईंचा दंड धरला, त्यांनी टेबलाचा दांडा धरला. एका हातात कात्री तशीच, डॉक्टरीणबाई त्यांना काहीतरी सुनावत होत्या, आणि त्या गडबडीत पुढची कळ आली. बहिणीनं सांगितलेला तो श्वास मला कुठून आठवला कोण जाणे. मी जोर लावला नाही, नुसता श्वास सोडला. चुरचुर आली, तीच, ओळखीची. नर्स काहीतरी ओरडली, सासूबाईंचा दंड सोडून माझ्याकडं धावली, आणि डोकं बाहेर आलं होतं. मुलगा झाला.

थोडं फाटलं. दोन टाके पडले. तिसऱ्या दिवशी मी मांडी घालून बसले आणि बसल्याबसल्या हसायलाच लागले.

डॉक्टरीणबाईंनी जाताना नवऱ्याला समज दिली, पुन्हा घरच्या बायकांना आत सोडू नका, जंतू होतात. आणि मला म्हणाल्या, ते नवऱ्यानं या वेळी नीट भाषांतर करून सांगितलं, "दुसरं मूल नेहमीच सोपं जातं. तुमचं नशीब चांगलं."

नशीब! कोठीत धान्याच्या वासात कण्हत काढलेल्या त्या सगळ्या दुपारी माझ्या जिभेवर आल्या आणि तिथंच अडकल्या, कारण सांगायचं म्हटलं तर पुन्हा नवऱ्यालाच सांगायला लावायचं. आणि खरं बघायचं तर त्यांचंही चूक नसेल. तेलानं झालं, की दुसरं मूल म्हणून झालं, की सासूबाईंनी दांडा धरून ठेवला म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. बारशाला आलेल्या बायकांनी तर वेगळंच ठरवलं. सासूबाईंनी सुनेला पथ्याचं नीट खायला घातलं म्हणून सुटका चांगली झाली, म्हणाल्या. सासूबाईंनी ते तसंच ऐकून घेतलं. एकीनं विचारलंही, "काय काय दिलंत?" त्या म्हणाल्या, "मेथी, लसूण." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी बाळाला घेऊन आत निघून गेले.

धाकट्या दिराचं लग्न झालं आणि काही वर्षांनी जावेला दिवस गेले. ती तिथलीच, तंजावरकडची, शिकलेली, बँकेत नोकरी करणारी. मी ठरवलं होतं, हिला तरी सांगायचं. सातव्या महिन्यात तिला कोठीच्या खोलीत नेलं, ओठात अंगठा घालायला लावला. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. "वैनी, छी! कायतरीच!" आणि माहेरी निघून गेली.

बाळ घेऊन परत आली तेव्हा ओट्याची पायरी चढताना तिनं ओठ दाताखाली धरला. मी बघितलं आणि समजले, हिलाही टाके पडलेत. आत आल्यावर ती कुशीवर निजली आणि मला जवळ बोलावलं.

"वैनी, तुम्ही खरंच सांगत होतात का ते?"

"मग काय खोटं?"

"मला वाटलं, थट्टा करताय. डॉक्टरांनी तर काही सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं तर त्यांनी नसतं का सांगितलं?"

कुणावर चिडायचं? ती रडत होती. मी तिच्या पाठीशी उशी सारली आणि शेकायला पाणी तापवायला उठले.